तनुजाच्या हरवलेल्या पंचेचाळीस फ्रेमा

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाण्याची पातळी मोजली. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. निवृत्त झालो तेव्हा मोजायला काही उरलं नाही, म्हणून मी घरातल्या गोष्टी मोजायला लागलो. दूध किती मिनिटांत उतू जातं, पंखा बंद केल्यावर किती वेळ फिरतो, असलं काहीबाही. तिसऱ्या आठवड्यात आमच्या मीनाक्षीबाईंनी माझ्या हातात टोपी आणि पाण्याची बाटली दिली आणि दार उघडून धरलं. "जगात मोजण्यासारखं पुष्कळ आहे, माझं स्वयंपाकघर सोडा," असं त्या म्हणाल्या.

गारखेड्याचं क्रीडा संकुल आमच्या फाटकापासून सातशे चाळीस पावलांवर आहे. तिथं पोरं पळतात, उड्या मारतात, गोळे फेकतात आणि त्यांना शिकवणारे संघपाल सर एकटेच. मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहायला लागलो तसा त्यांनाही आधार झाला. "सेलूकर काका, तुम्ही फक्त वेळ घ्या, सल्ले देऊ नका," एवढी एकच अट त्यांनी घातली. ती मी बहुतेक वेळा पाळली.

तनुजा मला तिथंच सापडली, पण पळण्याच्या ट्रॅकवर नाही. गेल्या वर्षी डिसेंबरात बाजूच्या मैदानावर मुलींचे खो-खोचे सामने होते. दोन खुंटांमधलं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळं मी सवयीनं घड्याळ लावलं. एक सडपातळ मुलगी या खुंटापासून त्या खुंटापर्यंत गेली आणि मी घड्याळाकडं पाहिलं. मला वाटलं बटण चुकलं. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं, आणि मग गुडघे दुखत असताना संघपाल सरांना शोधायला निघालो. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला कॅनव्हासच्या बुटांत शंभर मीटर पळवलं. सर माझ्या घड्याळाकडं बघत नुसते मान हलवत राहिले.

मग तिच्या घरच्यांना भेटणं आलं. हे घर मूळचं देवगाव रंगारीचं, आता मुकुंदवाडीत. आई आशाबाई सिल्लोडच्या एसटीवर कंडक्टर, एकेकाळी राज्याच्या खो-खो संघात होत्या. वडील कडूबा वाळूजच्या कंपनीत, तेही खो-खोचेच, खुंटावरून सूर मारण्यात त्यांचं नाव होतं. थोरला भाऊ खो-खो, आत्या खो-खो. त्या घरात कुणी बसून राहिलं तर ते फक्त खो मिळेपर्यंत. तनुजा सोळा वर्षांची, आणि तिनं पुढं काय व्हायचं हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं होतं.

"काका, एकटीनं पळून काय करायचं वो?" आशाबाईंनी मला सरळ विचारलं. "फुडं धरायला कुणी नाय, मागं कुणी बसल्यालं नाय. त्याला काय खेळ म्हणत्यात?"

उत्तर तनुजानं दिलं. "आई, खो-खोत मला सारखं वळावं लागतं. मला सरळ पळायचंय. सरळ पळाले की छातीत कायतरी उघडल्यावानी होतं." एवढं बोलून ती लाजली आणि आत चहा करायला गेली.

आशाबाईंनी ती गेली त्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "एक वरीस देते. फुडच्या डिसेंबरात राज्याची स्पर्धा हितंच हाय. तिथं पहिल्या दोघींत आली तर पळू दे तिला, मी आडवी येणार नाय. नाय आली तर गुमान परत पाटीवर बसायचं. तिची संघातली जागा मी धरून ठेवलीय." पाटी म्हणजे खो-खोत खेळाडू ओळीनं उकिडवे बसतात तो पट्टा. कडूबा नुसते हसले. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा हे मला तेव्हाच कळलं.

म्हणजे हे सगळं लचांड मीच लावून दिलं होतं. पोरगी पहिल्या दोघींत आली नाही तर तिचं एक वर्ष फुकट आणि पळणंही गेलं, आणि त्याला कारण एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याचं घड्याळ. हे माझ्या मनाला वर्षभर टोचत राहिलं.

आता कोडं सांगतो. सकाळी आईवडिलांसोबत मुकुंदवाडीच्या शाळेच्या मैदानावर सराव करताना तनुजा शंभर मीटर बारा पूर्णांक दोनला पळायची. वेळ कडूबा घ्यायचे. हातातल्या घड्याळात वेळ थोडी कमीच दिसते, ती सूट मी धरली. तरीही जिल्ह्याच्या स्पर्धेत ती बारा पूर्णांक सातला आली. विभागाच्या स्पर्धेत पुन्हा तेच. दोन्हीकडं राज्याला जाण्यापुरता नंबर आला, पण राज्यात या वेळेला कुणी विचारत नाही.

"स्पर्धेची भीती," संघपाल सर म्हणाले. "पोरीच्या डोक्यात बसलीय."

माझं या उत्तरावर डोकं फिरतं. भीती, नशीब, दिवस, असंच असतं. धरणातलं पाणी चार बोटं कमी भरलं तर मी साहेबांना 'पाण्याला भीती वाटली' असं कळवायचो का? कुठंतरी गळती असते. ती शोधायची असते.

तरी भीती तपासून पाहिली. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आणलं. तनुजा आमच्याकडं पोहे खायला आली होती, तेव्हा तिच्या मागं जाऊन फट्कन उडवलं. तनुजानं शांतपणे विचारलं, "आजोबा, लिंबू हाय का?" मीनाक्षीबाईंच्या हातून मात्र दह्याचं भांडं पडलं. त्यानंतर आठवडाभर मला घरात दही मिळालं नाही.

मग कान. कडूबांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तनुजाचे कान उत्तम निघाले. डॉक्टरांनी सहज म्हणून माझेही तपासले, तर माझा डावा कान कामातून गेलेला. हे मी मीनाक्षीबाईंना सांगितलं नाही. त्या कानाकडून त्या बोलल्या की बरं असतं.

शेवटी मी नातवानं दिलेल्या मोबाइलवर स्पर्धांचे व्हिडिओ काढायला लागलो. त्यात संथ गतीची एक सोय आहे, एका सेकंदाच्या दोनशे चाळीस फ्रेमा पडतात. त्यात आवाज धड राहत नाही, पण पिस्तुलाचा धूर दिसतो. धूर दिसला की शून्य धरायचं आणि मुलगी हलेपर्यंत बोटानं एकेक फ्रेम पुढं सरकवायची. जेवणाच्या टेबलावर वही घेऊन मी दोन दुपारी हेच केलं. बाकीच्या मुली सरासरी चव्वेचाळीस फ्रेमांनी हलत होत्या. तनुजा एकोणनव्वद. दुसऱ्या शर्यतीत अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या शर्यतीत पुन्हा एकोणनव्वद.

पंचेचाळीस फ्रेमा! सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पळण्यात ती कुणाला हार जात नव्हती. ती नुसती बसून राहत होती. सगळ्या निघून गेल्यावर, कुणाची तरी परवानगी मिळाल्यासारखी उठत होती.

"कशाची वाट बघतेस गं?" मी तिला विचारलं.

"कशाचीच नाय आजोबा. बार झाला की निघते."

"बार झाल्यावर पंचेचाळीस फ्रेमा जातात."

"कुठं जातात?" तिनं अगदी मनापासून विचारलं. तिलाही माझ्याइतकंच कुतूहल होतं. आम्ही दोघं वहीत डोकं घालून बसलो. मीनाक्षीबाई म्हणाल्या, एखादी वस्तू हरवल्यासारखं काय शोधताय दोघं?

राज्याच्या स्पर्धेला बारा दिवस राहिले होते. एका रविवारी सकाळी, नुकतं उजाडत असताना, मी मुकुंदवाडीच्या त्या शाळेच्या मैदानावर गेलो. वर्षभरात पहिल्यांदाच. घरच्यांच्या सरावात आपण नाक खुपसू नये म्हणून टाळत होतो. कडूबा पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे. इकडं तनुजा ओणवी, बोटं जमिनीला टेकवलेली, आणि तिच्या मागं आशाबाई. "तयार... जा!" तनुजा सुटली. मी मोबाइल बाजूला धरून तीन वेळा टिपलं.

मग पायरीवर बसून फ्रेमा मोजायला घेतल्या आणि अडलो. इथं धूर नव्हता. शून्य कुठं धरायचं? आशाबाईंचं तोंड कधी उघडतं ते पाहावं, म्हणून मी पडद्यावर दोन बोटांनी त्यांची आकृती मोठी केली. तोंड पाहायला गेलो आणि हात दिसला.

'जा' म्हणताना त्यांचा उजवा हात पुढं येत होता आणि तनुजाच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, टेकत होता. हात टेकला की अडतीस फ्रेमांत पोरगी हवेत. तिन्ही वेळा तसंच.

"आशाबाई, तुम्ही हात का लावता?"

"कसला हात?"

"तिच्या पाठीवर."

"मी कशाला लावू? मी नुस्तं 'जा' म्हणते." त्या खऱ्याच चकित झाल्या होत्या. कडूबा धापा टाकत आले. "मी त्या टोकाला असतो काका. मला तिच्या मागचं काय दिसणार?" तनुजालाही विचारलं. ती म्हणाली, आई हात लावत नाही.

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. तिघांनी तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. मग आशाबाई स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या, जणू तो शेजारच्या बाईचा आहे.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "मी खो देती हिला."

खो-खोत बसलेला खेळाडू आपणहून उठत नाही. मागून धावत येणारा साथीदार त्याच्या पाठीला हात लावतो, त्याच वेळी 'खो' म्हणतो, तेव्हाच तो उठतो. आधी उठला तर चूक. हे मला माहीत होतं. पण यात आणखी काही होतं, ते आशाबाईंनी पायरीवर माझ्याशेजारी बसून सांगितलं.

"मी एकोणीस वर्साची होते. राज्याची फायनल. दोन हजार माणूस, लई गलका. आमची पोरगी मागून येत होती, मी बसल्याली. तेवढ्यात बघणाऱ्यांतून कुणीतरी बाईच्या आवाजात 'खो' वरडलं. मी उठले. मागं कुणीच नव्हतं काका. चूक दिली. फुडची निसटली. एका गुणानं गेलो आम्ही. गाडीत घरापर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाय."

कडूबा मैदानाकडं बघत होते. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असणार, तरी त्यांचा चेहरा पडला.

"ही चार वर्साची होती तवा पहिल्यांदा पाटीवर बसवली. तवाच सांगितलं, कानावर जाऊ नको. लोक कायबी वरडत्यात. पाठीवर हात पडला तरच उठायचं. नाय पडला तर जग बुडालं तरी बसून राहायचं." मग त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. "लई चांगलं शिकवलं म्या. बघा किती चांगलं शिकलीय."

तनुजा उभी होती. तिनं आईच्या डोक्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. "मला पण ठाव नव्हतं आई, मी तुझ्या हाताची वाट बघते म्हणून."

मला आनंद व्हायला हवा होता. गळती सापडली होती. पण मला त्या पायरीवर बसवेना. मी ज्याला चूक म्हणून वहीत लिहिलं होतं ती या घराची सगळ्यात काळजीनं शिकवलेली गोष्ट निघाली.

कारण कळलं म्हणजे रोग बरा होतो असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून संघपाल सरांनी संकुलात लाकडी फळ्या वाजवून तिच्याकडून सुरुवाती करून घेतल्या. मागं कुणी उभं राहायचं नाही असा नियम केला. तनुजा आता वाट न बघायचा एवढा प्रयत्न करायची की फळ्या वाजायच्या आधीच निघायची. स्पर्धेत एकदा आधी निघालं की थेट बाहेर, दुसरी संधी नाही. दहा सुरुवातींपैकी चारदा ती आधी गेली, पाचदा उशिरा, एकदाच बरोबर. त्या एकदाचंही कारण कुणाला सांगता येईना.

"मी त्या दिवशी ड्युटी घेते," आशाबाई म्हणाल्या. "सिल्लोडला जाते. मी मैदानावर नसलेच तर वाट कुणाची बघंल?"

"तू नसलीस तर मी जास्तच बघीन," तनुजा म्हणाली आणि बूट न बदलताच घरी निघून गेली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाठमोरीच पाहिली.

चौथ्या दिवशी दुपारी आशाबाई ड्युटीवरून थेट संकुलात आल्या. अंगात खाकी, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी. कुणाशी न बोलता त्या ट्रॅकच्या कडेनं चालत राहिल्या. शंभर मीटरची रेघ ओलांडली, आणखी वीस-पंचवीस पावलं गेल्या, पिशवी बाजूला ठेवली आणि आमच्याकडं पाठ करून उकिडव्या बसल्या. एक पाय पुढं, बोटं जमिनीला टेकवलेली. पाटीवर बसतात तशा.

आणि तिथनं, न वळता, एसटीत मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ओरडल्या, "तने! बसल्याली वाट बघती. खो द्यायला निघाल्याली वाट बघत नाय. ये आन् मला उठव!"

संघपाल सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. सरांनी फळ्या वाजवल्या. तनुजा गेली. रेघ ओलांडून तशीच पुढं गेली आणि आईच्या पाठीवर असा हात मारला की आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. आशाबाई उठल्या आणि पळायला लागल्या. खाकीत, पन्नाशीला टेकलेल्या, पिशवी मागं टाकून.

मी मोजलं. एकसष्ट फ्रेमा.

यामागचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पोरगी तीच, कान तेच, फळ्या त्याच. पण आता ती बसलेली नव्हती, कुणीतरी दुसरं बसलं होतं आणि त्याच्यापर्यंत तिला पोचायचं होतं. पुढच्या आठवड्यात छप्पन्न झाल्या, एक्कावन्न झाल्या, एकदा सत्तेचाळीस. पण मधूनच, काही कारण नसताना, पुन्हा पंच्याऐंशी. मी वहीत आलेख काढला आणि फाडून टाकला. त्यात कुणाचं समाधान होण्यासारखं काही नव्हतं.

राज्याची स्पर्धा आपल्याच संकुलात होती. सकाळच्या फेरीला आशाबाईंना खाली सोडलं नाही, त्या मीनाक्षीबाईंच्या शेजारी गॅलरीत बसल्या. मी शेवटच्या रेघेपलीकडं, दोरीच्या मागं होतो. तिथून सुरुवातीची जागा सव्वाशे मीटर. एवढ्या लांबून पिस्तुलाचा धूर आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. धूर दिसला, सात मुली हलल्या. मग आवाज आला, आणि आवाजाबरोबर तनुजा हलली. मोबाइल काढायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं पुढं कसंबसं सगळं भरून काढलं आणि अंतिम फेरीत ती आठवी, म्हणजे शेवटची, म्हणून गेली.

दुपारी तीनला अंतिम फेरी. अडीचला आशाबाई गॅलरीतून उतरल्या. लांबून दिसावी म्हणून पिवळीधमक साडी नेसल्या होत्या. दोरीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं त्यांना अडवलं.

"मावशी, दोरीच्या पुढं यायचं नाही."

"यायची नाय. हितंच मागं बसते."

"उठायचं नाही."

"आपणहून तर उठायचीच नाय," असं म्हणून आशाबाई ट्रॅककडं पाठ करून बसल्या. स्वयंसेवक बुचकळ्यात पडला. पोरीची शर्यत बघायला येऊन बाई उलट्या तोंडानं बसली, हे त्याला कसं कळणार? मग तो माझ्याकडं वळला. "आजोबा, तुम्हीपण बसा. मागच्यांना दिसत नाही." मीही गवतावर बसलो, पण तोंड ट्रॅककडं करून. कडूबा माझा मोबाइल घेऊन सुरुवातीच्या बाजूला गेले होते.

"काका, काय चाललंय तेवढं सांगा," आशाबाई समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या.

"नावं पुकारतायत."

"ती कुठं हाय?"

"सगळ्यात कडेला. आठवी लेन. इकडं बघतेय."

"दिसते का मी तिला?"

"तुम्ही आख्ख्या मैदानाला दिसताय."

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या मानेवर घाम होता. वर्षभर मला वाटत होतं की ही बाई पोरीला परत खो-खोत ओढण्यासाठी टपून बसलीय. तिथं तिच्या शेजारी बसल्यावर मला माझीच लाज वाटली. लेकीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत या आईच्या पाठीमागं होणार होती आणि ती एकदाही वळणार नव्हती.

"लागल्या का?"

"ओणव्या झाल्या."

"आता?"

"आता वर. थांबा."

धूर दिसला. आठही मुली हलल्या. आठही. कडेची पिवळ्या-निळ्या बनियनची मुलगी जमिनीपासून सुटून पुढं झेपावलीसुद्धा, आणि मग, त्यानंतर, बार माझ्या कानावर आला. माझा तर उजवाच कान चालतो, पण त्यालाही कळलं.

"निघाली का? काका, निघाली का वो?"

"निघाली," मी ओरडलो. "आवाजाच्या आधी निघाली!"

"आधी? बाद झाली?"

"नाही नाही नाही! आवाज मला उशिरा आला, म्हणजे..." सव्वाशे मीटरला आवाजाला किती वेळ लागतो हे त्या घटकेला समजावत बसण्याइतका मी मूर्ख नाही, पण सुरुवात मात्र केली होती. "वेळेत निघाली आशाबाई! सगळ्यांबरोबर!"

पुढचे बारा सेकंद मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. पन्नासपर्यंत ती चौथी होती. सत्तरला तिसरी. शेवटच्या दहा मीटरांत तीन मुली एका ओळीत होत्या आणि मला काहीच वेगळं दिसेना. त्या तिघी रेघेवरून एकदम गेल्या. दोघी थांबल्या, ओणव्या झाल्या, फलकाकडं बघायला लागल्या. तनुजा थांबली नाही. फलकाकडं बघितलंही नाही. एक पंच "ए मुली" म्हणाले. ती दोरीखालून वाकून आली.

आशाबाईंना पावलं ऐकू येत होती. त्यांचे खांदे ताठ झाले. त्या वळल्या नाहीत, उठल्या नाहीत.

तनुजाचा हात पिवळ्या साडीवर पडला. "खो!"

आशाबाई उठल्या आणि पळाल्या. चप्पल एकीकडं, पदर एकीकडं. भिंतीपर्यंत गेल्या, हातानं भिंतीला थडकल्या, वळल्या. तेवढ्यात भोंग्यावरून नावं पुकारली. पहिली पुण्याची. दुसरी तनुजा कडूबा सांडू, बारा पूर्णांक अडतीस. तिसरी तिच्यामागं एक शतांश.

गॅलरीतून मीनाक्षीबाईंची किंकाळी मला माझ्या बंद कानातूनसुद्धा ऐकू आली. कडूबा ट्रॅकच्या कडेनं मोबाइल उंच धरून पळत येत होते. "काका, मोजा! मोजा की!" मी म्हटलं, नंतर.

आशाबाई भिंतीपाशी तशाच उभ्या होत्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. तनुजा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती.

"तुझी संघातली जागा शेजारच्या द्वारकाबाईच्या पोरीला देऊन टाकते," आशाबाई तिला म्हणाल्या. "पळ तू." मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. त्यांना खो मिळाला होता आणि पुढं ओळीत कुणीच नव्हतं. "तने, आता मी कुणाला देऊ?"

"आजोबा बसलेत की," तनुजा म्हणाली.

मी खरोखरच अजून गवतावर बसलेलो होतो. नको नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आशाबाई माझ्या मागं पोचल्या होत्या. पाठीवर हात पडला. गुडघे दुखतात हे आठवायच्या आत मी उठलो होतो आणि पळत होतो. कुठं जायचं ते मला ठाऊक नव्हतं.